आकरताईंच्या हातची पट्टी

साबणाच्या कारखान्यामागच्या वस्तीत त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. घरात त्या वहिनी नाहीतर काकू, आणि बाकी सगळ्या वस्तीला आकरताई. दुखऱ्या घशाचा माणूस समोर बसला की एका हातात जीभ दाबायचा चपटा चमचा, दुसऱ्या हातात कापूस गुंडाळलेली लांब काडी घेऊन त्या म्हणायच्या, “आ कर.” समोर पहिलीतलं पोर असो की कारखान्याचा सुपरवायझर, शब्द तोच. “आ करा” असं आदरानं म्हटलं की माणसं तोंडही आदरानं, म्हणजे अर्धंच उघडतात, असा त्यांचा अनुभव होता. पोरांनी त्याचं आकरताई केलं आणि मोठ्यांनी ते उचललं. ताईंना त्याचं काही वाटत नसे. “निदान नाव आणि काम एक आहे,” असं म्हणून त्या मोकळ्या व्हायच्या.

वस्तीत यायच्या आधी त्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होत्या. कुणाच्या घशातून, कुणाच्या जखमेतून आलेला नमुना लालसर बशीत पसरायचा, बशी उबदार कपाटात ठेवायची आणि एक-दोन दिवसांनी उघडून कोणते जंतू वाढले ते बघायचं, हे त्यांचं काम. त्यांचा त्यात जीव होता. एखाद्या बशीत ठिपक्यांभोवती स्वच्छ कडं उमटलं की त्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला हाक मारून दाखवायच्या. बाळाचा पहिला दात दाखवावा तशा. खंत एकच होती. बशी बोलायला लागेपर्यंत पेशंट घरी गेलेला असायचा. डॉक्टरांनी अंदाजानं औषध दिलेलं असायचं आणि निकालाचे कागद ट्रेमध्ये पडून राहायचे.

मग यजमानांची बदली झाली. ते बस चालवायचे. त्यांना शहराच्या कडेचा डेपो मिळाला. तिथंच त्यांच्या धाकट्या भावाचं दुमजली घर होतं. खाली रस्त्याच्या बाजूला त्याचं औषधाचं दुकान, मागं त्याचा संसार, वरच्या दोन खोल्या रिकाम्या. त्या दोन खोल्यांत हे दोघं राहायला आले. ताईंना मूलबाळ नव्हतं. दिराची मुलगी चिमी तेव्हा नुकती चालायला लागली होती. ती जिना रांगत चढून वर यायची ती जेवायलाच खाली जायची, कधी कधी तेवढ्यासाठीही नाही. जाऊबाई खालून ओरडायच्या, “वहिनी, माझी मुलगी परत करा!” आणि ताई वरून ओरडायच्या, “सापडली की पाठवते!”

दोन गल्ल्या सोडून एक दवाखाना होता. बाहेरच्या खोलीत बाकं, आतल्या खोलीत डॉक्टरबाई, आणि मधल्या पडद्याआड एक टेबल, ते ताईंचं. डॉक्टरबाई वयानं मोठ्या, आवाजानं त्याहून मोठ्या. ताईंनी कामावर लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात विचारलं, “बाई, आपण घसा दुखणाऱ्या प्रत्येकाला अँटिबायोटिक देतो?”

“देते.”

“पण बहुतेकांना नुसता व्हायरस असतो. त्याला त्या औषधाचा उपयोग शून्य.”

“ठाऊक आहे मला. आणि थोड्यांना जंतूंचा घसा असतो, त्यांना नाही दिलं तर पुढं एखाद्या पोराचं हृदय कायमचं अधू होतं. कोण कुठला हे ओळखायला माझ्याकडे काय आहे? टॉर्च. तुझ्या त्या बशा इथं असत्या तर गोष्ट वेगळी. अंधारात तीर मारते मी, पण मारते.”

त्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती.

अशी काही वर्षं गेली. मग एक दिवस शहरातल्या एका संस्थेतली तरुण मंडळी खोकं घेऊन दवाखान्यात आली. त्यांनी घशाच्या जंतूंसाठी कागदाची एक पट्टी बनवली होती. काडी घशात फिरवायची, छोट्या नळीत दोन औषधांचे थेंब टाकून ती त्यात घुसळायची आणि पट्टी बुडवायची. चहा निवेपर्यंत निकाल. एक रेघ आली तर जंतू नाहीत, दोन आल्या तर आहेत, एकही आली नाही तर पट्टीच खराब. ना वीज, ना यंत्र, ना कपाट. किंमत म्हणाल तर टपरीवरच्या चहापेक्षा थोडी जास्त. संस्थेला ती खऱ्याखुऱ्या दवाखान्यात वापरून बघायची होती.

डॉक्टरबाई लगेच भुलणाऱ्यातल्या नव्हत्या. सुरुवातीला प्रत्येक पेशंटच्या घशातून दोन काड्या घ्यायच्या, एक पट्टीला आणि एक शहरातल्या प्रयोगशाळेत बशीला, असं ठरलं. पावसाळा उलटेपर्यंत हे चाललं. दोन्हींचे निकाल बहुतेक जुळले. जिथं पट्टी दोन रेघा दाखवायची तिथं बशीत जंतू असायचेच. चुकायची ती कधीमधी ‘नाही’ म्हणताना. त्या मंडळींचा म्होरक्या असलेला मुलगा ताईंना म्हणाला, “पट्टी बिचारी काडीवर जे येईल तेच बघते. काडी टॉन्सिलवर नीट घासली गेली नाही तर ती काय सांगणार?”

ताईंना हे नवीन नव्हतं, पण त्या दिवसापासून त्यांचा हात जास्तच निर्दय झाला. दोन्ही टॉन्सिलांवर आणि मागच्या भिंतीवर घासून मगच काडी बाहेर. पेशंटला उबळ यायची, डोळ्यांत पाणी यायचं, कुणी शिव्या घालायचं. ताई म्हणायच्या, “रड, ओरड, नंतर भांडायला ये. आत्ता आ कर.”

खरी अडचण ‘नाही’ आलेल्यांची होती. कोपऱ्यावरचा सलूनवाला घसा धरून आला. पट्टीवर एकच रेघ आली.

“व्हायरस आहे,” ताई म्हणाल्या. “कोमट पाण्याच्या गुळण्या करा, आराम करा, ताप आला तर ही गोळी. चार-पाच दिवसांत उतरेल.”

“आणि औषध?”

“हेच औषध.”

“ताई, मी दुकान बंद करून आलोय. घशात एवढी काठी घातलीत, मी ओकायचा बाकी राहिलो, आणि आता म्हणता काही नाही?”

“तुमच्याकडे टकला माणूस आला तर त्याचे केस कापता का?”

सलूनवाला हसला खरा, पण इथून निघाला तो थेट ताईंच्या दिराच्या दुकानात गेला आणि तीन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या घेऊन घरी गेला.

दिराचा स्वभाव वाईट नव्हता. अडल्यानडल्याला औषध पोचवणारा, म्हाताऱ्यांना गोळ्यांचे डोस मोठ्या अक्षरात लिहून देणारा माणूस. पण त्या तीन दिवसांच्या गोळ्यांवर त्याची श्रद्धा होती. सर्दी, घसा, कणकण, कशालाही त्याच. जेवताना त्याची आणि ताईंची जुंपायची.

“वहिनी, तुमचा कागद ज्यांना परत पाठवतो ते माझ्याकडे बरे होतात.”

“भाऊजी, ते तसेही बरे होणार होते. तुम्ही मधे उभे राहून हार घालून घेता.”

यजमान मान खाली घालून जेवत. दिवसभर प्रवाशांची भांडणं ऐकलेला माणूस घरातल्या भांडणात तिकीट काढत नसे.

चिमी चौथीत गेली त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला तिचा घसा धरला. अंगात ताप, गिळताना डोळ्यांत पाणी. शाळा सुटल्यावर जाऊबाई तिला घेऊन दवाखान्यात आल्या. बाकांवर बसायला जागा नव्हती. ताईंनी तिला पडद्याआड घेतलं, मांडीवर बसवावं इतकी ती आता लहान नव्हती तरी जवळ ओढून बसवलं.

“काकू, हळू हं,” चिमी म्हणाली. तिला लहानपणापासून साध्या चमच्यानंही उबळ यायची.

“हळूच करते. आ कर.”

चिमीनं आ केलं. काडी आत गेली आणि तिनं दोन्ही हातांनी काकूचं मनगट धरलं. डोळे घट्ट मिटलेले, गळ्यातून घुसमटल्यासारखा आवाज. इतर कुणी असतं तर ताईंनी ते हात बाजूला केले असते. त्या दिवशी त्यांनी हात आखडता घेतला. काडी जिभेला लागली, गालाला आतून लागली, टॉन्सिलला लागली न लागली आणि बाहेर आली. आपण घासलं नाही हे त्यांच्या बोटांना कळलं होतं. पण चिमीनं डोळे उघडून सुटकेचा श्वास टाकला आणि ताईंनी मनाला समजावलं, लागलंय तेवढं पुरे.

एकच रेघ आली.

“बाई, चिमीची पट्टी नाही म्हणतेय,” ताईंनी पडद्याआडून सांगितलं. डॉक्टरबाईंच्या समोर धापा टाकणारा म्हातारा होता. ताईंची पुतणी, ताईंनीच तपासलेली, म्हणून बाई मान वर न करता म्हणाल्या, “मग तापाचं औषध दे आणि झोपव तिला.”

ताप उतरला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊबाई नवऱ्याला म्हणाल्या, “वहिनींना परत एकदा दाखवू या का?” तो म्हणाला, “त्यांच्या कागदानं सांगितलं ना काही नाही म्हणून? आता माझं बघू.” आणि त्यानं चिमीला तीन दिवसांच्या गोळ्या सुरू केल्या. वरच्या मजल्यावर ताईंना सांगितलं नाही. ताईंनी विचारलं की जाऊबाई म्हणायच्या, “आहे थोडं अजून,” आणि नजर चुकवायच्या. ताई रोज संध्याकाळी तिच्या उशाशी बसायच्या, कपाळावर हात ठेवायच्या. परत एकदा काडी घालावी असं त्यांच्या मनात यायचं आणि तिचा सुकलेला चेहरा बघून राहून जायचं.

गोळ्या संपल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई चिमीला धरून जिना चढून आल्या. चिमीची मान एका बाजूला कललेली, तोंडातून लाळ गळत होती, गिळता येत नव्हती. ती काहीतरी बोलली ते तोंडात गरम घास असल्यासारखं ऐकू आलं.

ताईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. “चिमी, आ कर.”

तोंड बोटभरसुद्धा उघडेना.

पुढचं त्यांनी कुणाला समजावत बसून केलं नाही. यजमानांची दुपारची पाळी होती, त्यांनी शेजारच्या रिक्षावाल्याला उठवून आणलं. दीर दुकानाचं शटर अर्धवट ओढून, पायांत दोन वेगळ्या चपला घालून धावत आला. मोठ्या रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी चिमीला बघितलं आणि सांगितलं की टॉन्सिलच्या मागं पू साठलाय, आत्ताच काढावा लागेल, नाहीतर श्वासाची वाट बंद होईल. आधी काय औषध दिलं असं त्यांनी विचारलं तेव्हा जाऊबाईंनी तीन दिवसांच्या गोळ्यांचं सांगितलं, आणि ताईंना ते तेव्हाच कळलं. चिमीला आत नेलं, दार लागलं. बाहेरच्या बाकावर चौघं बसली होती, पण कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

पू निघाला. शिरेतून पेनिसिलिन सुरू झालं. दुपारी चिमी पाणी गिळू शकली तेव्हा जाऊबाईंच्या जिवात जीव आला आणि मग त्या जे रडल्या ते आवरेना.

दिराला मात्र कंठ फुटला होता. दुकानाच्या शेजाऱ्याला फोनवर, रिक्षावाल्याला, भेटायला आलेल्या प्रत्येकाला तो सांगत होता, “कागद म्हणाला काही नाही! माझी मुलगी गेली असती त्या कागदापायी.” ताई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी ते सगळं ऐकलं.

मग त्या तिथल्याच आपल्या जुन्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथली जुनी मैत्रीण अजून त्याच टेबलावर होती, फक्त चष्मा जाड झाला होता. चिमीचा पू तिच्याकडेच आला होता. “दोन दिवसांनी ये,” ती म्हणाली. ताई दोन दिवसांनी गेल्या. बशी बघितली, आणि परत वॉर्डात येऊन दिराला म्हणाल्या, “भाऊजी, माझ्याबरोबर चला. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“कळेल.”

मैत्रिणीनं बशी उजेडाकडे धरली. सगळ्या बशीभर बारीक ठिपके दाटून आले होते आणि मधेमधे औषध लावलेल्या कागदाच्या चकत्या.

“हे काय?” दीर म्हणाला. “हे चिमीच्या घशातलं?”

“हो. ज्या चकतीतलं औषध लागू पडतं तिच्याभोवती जंतू उगवत नाहीत, जागा मोकळी राहते. ही पेनिसिलिनची चकती. बघा केवढं मोकळं रिंगण आहे. आणि ही तुमच्या गोळ्यांची.”

त्या चकतीला जंतू अगदी चिकटून वाढले होते. रिंगणाचं नाव नव्हतं.

दीर वाकून बघत राहिला. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळूच विचारलं, “या गोळ्यांनी यांना काहीच झालं नाही?”

“काही नाही,” मैत्रीण म्हणाली. “असे खूप येतात हल्ली. या गोळ्या ज्याला-त्याला, वारंवार दिल्या जातात. त्यातून जे जंतू तगतात तेच पुढं पसरतात.”

चिमीला दर सर्दीला त्या गोळ्या कुणी दिल्या होत्या हे तिथं कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. बाहेर व्हरांड्यात आल्यावर ताई थांबल्या.

“मी तुम्हाला तेवढ्यासाठी आणलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “माझंही ऐका. पट्टी खोटं बोलली नाही. मी काडी नीट घासलीच नाही. ती घाबरली आणि मी हात मागं घेतला. तेव्हाच मला कळलं होतं, तरी मी ‘नाही’ सांगितलं. पुढं चार दिवस तिच्या उशाशी बसले, पण परत घासायला धजले नाही. तुमच्या गोळ्यांच्या आधीची चूक माझी.”

दिराला भांडण अपेक्षित होतं. भांडणाची उत्तरं त्यानं तयार ठेवली होती. तो म्हणाला, “चला, ती एकटी असेल,” आणि पुढं चालायला लागला.

डॉक्टरबाईंना ताईंनी सगळं सांगितलं आणि काम सोडायची परवानगी मागितली. बाई खुर्चीत मागं रेलल्या.

“सोडून काय करणार?”

“घरी बसेन.”

“म्हणजे इथं दुसरं कुणीतरी येणार, आणि तिला ही चूक नव्यानं करावी लागणार. तू एकदा करून बसली आहेस, तुझ्याकडून परत होणार नाही. आणि ऐक, तुझ्या ‘नाही’वर मी मान वर न करता विसंबले. मुलीच्या घशात टॉर्च मारायला मला काय झालं होतं? पट्टी आल्यापासून माझे डोळे आळशी झालेत. ती माझी चूक. आता उठ, बाहेर माणसं खोळंबलीत.”

माणसं खोळंबली होती, पण पट्टीसाठी नव्हे. दिराचं बोलणं वस्तीभर झालं होतं. काडी बघितली की लोक तोंड मिटायचे. सलूनवाला तर दारातूनच म्हणाला, “ताई, तुमच्या घरच्या पोरीचं काय झालं ऐकलं. आम्हाला थेट औषध द्या.”

“बरोबर ऐकलंत,” ताई भरल्या दवाखान्यात म्हणाल्या. “माझी पुतणी होती म्हणून मी नीट घासलं नाही. तुम्ही माझे कुणी नाही, तुमची काळजी करू नका. आ कर.”

बाकांवर कुणीतरी फसकन हसलं. सलूनवाला बसला. सगळेच बसले असं नाही. काही जण त्यानंतर कधीच ताईंसमोर आले नाहीत, दुसऱ्या दवाखान्यात जायला लागले. त्यातल्या एका बाईंनी तर रस्त्यात ओळख दाखवणंही सोडलं.

मात्र दोन गोष्टी बदलल्या. पट्टी ‘नाही’ म्हणाली तरी डॉक्टरबाई स्वतः घसा बघायला लागल्या. घसा बघून संशय आला तर दुसरी काडी शहरात बशीकडे जायची. आणि ‘नाही’ आलेल्या प्रत्येकाला ताई दारापर्यंत सोडायला जाऊन सांगायच्या, “दोन दिवसांत उतार पडला नाही, तोंड उघडेना, लाळ गिळवेना, तर कुणाला विचारत बसू नका, परत या. मी चुकू शकते.” हे शेवटचं वाक्य ऐकून लोक दचकायचे. दवाखान्यात असं कुणी सांगत नाही. पण परत यायचे.

संस्थेच्या मंडळींना ताईंनी झाला प्रकार जसाच्या तसा कळवला. त्यांनी ताईंनाच बोलावलं, इतर दवाखान्यांतल्या नर्सना काडी कशी घासायची ते शिकवायला. ताई खुर्चीत बसायच्या, स्वतःचं तोंड उघडायच्या आणि नर्सला म्हणायच्या, “घास.” नर्स बिचकून काडी टेकवून काढून घ्यायची. ताई डोळे पुसत म्हणायच्या, “ही पोचली नाही. परत घाल. तुला माझी दया येतेय, ती घरी ठेवून ये.” शिकवणीच्या दिवशी संध्याकाळी त्यांचाच घसा बसलेला असायचा आणि यजमान म्हणायचे, “आज घरात शांतता आहे.”

दीर कित्येक आठवडे त्यांच्याशी कामापुरतं बोलायचा. वस्तीत उठवलेली हाकाटी त्यानं कधी उघडपणे मागं घेतली नाही. पण एकदा ताई जिना उतरत असताना दुकानात एक बाई गोळ्या मागत होती, घशासाठी, त्याच तीन दिवसांच्या.

“आधी घसा दाखवून या,” तो म्हणत होता. “दवाखाना उघडा आहे.”

“अहो, त्या कागदावर भरवसा नाही असं तुम्हीच म्हणायचात.”

“मी पुष्कळ काही म्हणायचो,” दीर म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला.

ताई जिन्यात थांबल्या नाहीत. खाली उतरून बाजूनं निघून गेल्या. तो अगदीच सुधारला असंही नव्हे. ओळखीच्यातला कुणी फार मागं लागला तर गोळ्या जायच्याच. ते ताईंच्या कानावर यायचं आणि जेवताना परत जुंपायची. जुंपायला लागली तेव्हा जाऊबाईंना उलट बरं वाटलं.

चिमीचं मात्र वेगळं होतं. ती बरी झाली, शाळेत जायला लागली, पण वर येईना. हाक मारली तर अंगणातूनच उत्तर द्यायची. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. जाऊबाई म्हणाल्या, “ओढून आणू का वर?” ताई म्हणाल्या, “नको. तिला राग येऊ दे. तिचा हक्क आहे तो.” असं म्हणून त्या आत गेल्या आणि घडी केलेले कपडे पुन्हा उलगडून पुन्हा घड्या घालत बसल्या.

परीक्षेच्या सुमाराला एका रविवारी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. चिमी दारात उभी होती, छातीशी गणिताचं पुस्तक धरून. तोंड फुगवलेलंच होतं.

“बाबांना दुकानातून उठता येत नाही,” ती म्हणाली. “आईला येत नाही. तुला भागाकार येतो का?”

“येतो.”

“तीन आकडी?”

“तोही येतो.”

चिमी आत आली, सतरंजीवर बसली, पुस्तक उघडलं. ताई चष्मा शोधायला उठल्या आणि तो कपाळावरच होता हे चिमीनंच त्यांना सांगितलं. बाकीशेजारी खाली उतरवायचा आकडा ती दर वेळी विसरायची. तिला भागाकार समजेपर्यंत ऊन भिंतीवरून उतरून खिडकीबाहेर गेलं होतं.